खंडेनवमीचा जनरेटर

जनरेटरच्या टाकीवर मी कुंकवाचे स्वस्तिक पूर्ण करीत होते, तेव्हा माझी सून प्रणिता शेडमधून बाहेर आली आणि यंत्राच्या बुडाशी साचलेल्या पाण्याकडे पाहत उभी राहिली.

“धुतला?” तिने विचारले.

“धुतला.”

“आतूनही, आईसाहेब?”

“पूजा वरवर करायची रीत आपल्याकडे नाही.”

तिने यंत्राच्या जाळीवरून बोट फिरवले. बोट ओले झाले, ते पदराला पुसले, मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि ती परत शेडमध्ये गेली. आमचा जुना गडी शंकर हातातली पाण्याची नळी गुंडाळत होता. तो एरवी बोलका माणूस. त्या दिवशी नळी गुंडाळण्यात त्याने बराच वेळ घालवला.

ही अठरा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी शस्त्रे-अवजारे स्वच्छ करून पुजायची आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आमच्या खलाट्यांच्या घरचा नियम. आणि घरात सासूबाईंच्या पश्चात नियम म्हणजे मी. त्या वर्षी देवघरासमोरच्या पाटांवर विळी, कोयते, ट्रॅक्टरची किल्ली, शिलाईचे मशिन आणि पाच बॅटऱ्या मांडल्या होत्या. टॉर्चला आमच्या भागात बॅटरीच म्हणतात. रोज सहा-सहा तास लाईट जाण्याचे ते दिवस होते. प्रत्येक बॅटरीचा खिळा ठरलेला असे, प्रत्येकीचे सेल मी दर रविवारी गच्चीवर उन्हात ठेवून घेत असे, आणि अंधारात कुणी विनाकारण भिंतीवर उजेड पाडून हरणे-ससे केले तर ती बॅटरी आठ दिवस माझ्या कपाटात जाई. इन्व्हर्टर मी घेऊ दिला नव्हता. गेलेल्या गोष्टीची थोडी वाट पाहण्याची सवय माणसाला असावी, असे माझे मत होते.

जनरेटर मात्र आणावा लागला होता, तो प्रणिताच्या कोंबड्यांसाठी. कोंबड्या म्हणणेही बरोबर नाही. ती फक्त पिल्ले काढीत असे. ज्या शेडमध्ये माझ्या हाताखाली अकरा म्हशी नांदल्या, तिथे माझ्या मुलाने, उदयसिंहाने, बायकोच्या हट्टापायी खिडक्या बुजवून अंडी उबवण्याचे मशिन बसवले. मला हे मान्य नव्हते आणि मी ते सांगितले होते. शेवटी सर्वांसमक्ष अट ठरली. प्रणिताने तीन खेपा काढून पाहाव्यात. एका खेपेत तीन हजार अंडी. तीनपैकी एका तरी खेपेला शंभरात सत्तर पिल्ले निघाली, तर शेड तिची. नाही निघाली, तर मशिन विकायचे, खिडक्या पुन्हा उघडायच्या आणि म्हशी परत आणायच्या. पहिल्या खेपेला शंभरात पन्नास निघाली, दुसऱ्या खेपेला साठ. तिसऱ्या खेपेचा एकविसावा दिवस, म्हणजे पिल्ले कवच फोडण्याचा दिवस, बरोबर खंडेनवमीला आला.

बारा वाजता, ठरल्या वेळी, लाईट गेली.

शंकर सवयीने जनरेटरकडे निघाला. प्रणिता शेडच्या दारातून ओरडली, “शंकरमामा, हात लावू नका! ओला आहे. नजीर मिस्त्रींना घेऊन या, असतील तसे.” मग ती देवघरासमोर आली.

“आईसाहेब, पाटावरची बॅटरी घेते.”

“पूजेतली वस्तू उद्यापर्यंत हलत नाही.”

“शेडला खिडकी नाही. दिवसा बारा वाजता आत हात दिसत नाही.”

मी समईची वात सारखी करण्यासाठी पाठ फिरवली. ती कोणती बॅटरी उचलते हे मला पाहायचे नव्हते. तिने दोन उचलल्या.

थोड्या वेळाने मीही शेडमध्ये गेले. दुसरी खेप झाल्यापासून मी तिथे पाऊल टाकले नव्हते. प्रणिताने एक बॅटरी खुंटीला बांधून तिचा झोत मशिनच्या तापमानाच्या काट्यावर सोडला होता. दुसरी तिच्या दातांत होती. मशिनचे दार चार बोटे उघडून ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने आत वारा घालीत होती.

“हंडाभर पाणी तापवून पाठवते,” मी म्हणाले. “गोधड्याही आहेत. गार पडतील ती.”

तिने दातांतली बॅटरी काढली. “गार नाही पडणार, आईसाहेब. आता त्यांना त्यांचीच ऊब आहे, जास्तच आहे. आतला पंखा बंद पडलाय. ती कोंडून मरतील.”

“मग दार सताड उघड.”

“आतली ओल निघून जाते. पापुद्रा सुकतो आणि पिल्लू त्यालाच चिकटून राहतं. बाहेर येता येत नाही.”

“मग करायचे काय?”

“थोडं उघडायचं, वारा घालायचा, बंद करायचं. परत उघडायचं.”

“लाईट सहाला येणार.”

“माहितेय. असं दोन-अडीच तास निघतील.” तिने दार लावले.

दार लागले तसा मला तो आवाज ऐकू आला. लोखंडी पत्र्यामागून, बारीक, सगळ्या बाजूंनी एकदम. अजून एकही पिल्लू बाहेर आले नव्हते. अंड्याच्या आतून आवाज येतो, हे मला त्रेसष्ट वर्षांत कुणी सांगितले नव्हते.

“किती आहेत?” मी विचारले.

“मोजता येत नाहीत, आईसाहेब. सगळी बोलतायत.”

मी तिच्या हातातला पुठ्ठा घेतला. तिचा हात थकला होता आणि पुठ्ठा हलवण्यात शास्त्र काही नव्हते.

नजीर मिस्त्री अर्ध्या तासाने आला. त्याने जनरेटरला घातलेला झेंडूचा हार अदबीने बाजूला केला, मागचे झाकण उघडले, आत बॅटरीचा झोत मारला आणि बसल्या बसल्याच वर पाहिले.

“ह्येला आंघोळ कुणी घातली?”

शंकरने माझ्याकडे पाहिले. मी अंगणातल्या तुळशीकडे पाहिले.

“नुसती आंघोळ न्हाई, चांगलं अभ्यंगस्नान झालंय,” मिस्त्री म्हणाला. “इंजन सुरू हुईल. पर करंट सोडला की वायंडिंग जळून खाक. दोन दिस उन्हात वाळवाय पायजे. कुणाच्या डोक्यातनं निघालं ह्ये?”

“माझ्या,” प्रणिता म्हणाली. ती शेडच्या दारात उभी होती. कपाळावर घाम आणि गालावर पिसासारखे काहीतरी चिकटलेले. “मीच सांगितलं शंकरमामांना धुवायला. चुकलं.”

“ताई, तुम्ही? तुम्हाला तर मी सवता बजावल्यालं...”

“चुकलं म्हटलं ना, मिस्त्री.”

मिस्त्रीने झाकण लावले, हार जसा होता तसा परत घातला आणि सायकलला टांग मारून तो गेला. शंकर म्हणाला, “वैनीसाब...” आणि गुंडाळलेली नळी सोडून पुन्हा गुंडाळू लागला.

“आईसाहेब,” प्रणिता म्हणाली, “गावात दुसरा जनरेटर एकच आहे.”

हे तिने सांगण्याची गरज नव्हती. दुसरा जनरेटर माझ्या धाकट्या जावेचा, लीलेचा होता. तिच्या मंगल कार्यालयात चाकांच्या गाड्यावर तो उभा असे. लीला आणि मी नऊ वर्षे एकमेकींशी बोललो नव्हतो. एका लग्नाच्या पत्रिकेत तिच्या यजमानांचे नाव आमच्या यजमानांच्या वर छापले गेले होते. चूक छापखान्याची होती, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले. पण तोपर्यंत मी अबोला जाहीर केला होता.

“मी जाते काकींकडे,” प्रणिता म्हणाली. “पाया पडेन. तुम्ही तेवढा वारा घाला.”

“या घरातून त्या घरी काही मागायला सून जाणार नाही,” मी म्हणाले आणि चपला घातल्या.

मंगल कार्यालय आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. भर दुपारी मला त्या बाजूला जाताना पाहून पारावरचे दोघे उठून उभे राहिले. ते आदराने उठले की काय घडते ते नीट दिसावे म्हणून, ते मी विचारले नाही.

लीला ओट्यावर बसून आपट्याची पाने निवडत होती. तिने मान वर केली, मला पाहिले आणि पुन्हा पाने निवडू लागली.

“थोरल्या बाई वाट चुकल्या वाटतं.”

“लीला, तुझा जनरेटर हवा आहे. आता. सहा वाजेपर्यंत.”

“सांगत होता नजीर मिस्त्री, आत्ताच इथनं गेला. सुनेनं धुऊन काढला म्हणे तुमचा.” तिने एक किडके पान टाकून दिले. “शिकलेली सून आणली होती ना तुम्ही? बीएस्सी का काय ती.”

मी ते किडके पान उचलून ओट्याखाली टाकले.

“माझा जनरेटर आज पूजेत आहे,” लीला म्हणाली. “तो ओढायला ट्रॅक्टर लागणार, तोही पूजेत आहे. खंडेनवमीला पूजेतलं हलवायचं नाही, हे मला कुणी शिकवलं, आठवतं?”

“मी.”

“माझी तिसरी खंडेनवमी. थोरला वर्षाचा होता, तापानं फणफणलेला. त्याला दुधी उकडून द्यावा म्हणून मी पाटावरची विळी उचलली. तुम्ही मला दिवसभर उपाशी ठेवलं.”

“दिवसभर नाही. दुपारच्या चारपर्यंत.”

लीलेने पाने निवडणे थांबवले. “घड्याळ बघून ठेवलं होतंत का?”

“हो,” मी म्हणाले. तेही खरे होते.

आतून तिची नात डोकावली आणि माझ्याकडे पाहून परत आत पळाली. लीलेने पानांचे सूप बाजूला सारले.

“नेऊ देते,” ती म्हणाली. “पण उद्या सोनं द्यायला तुम्ही माझ्या दारात यायचं.”

दसऱ्याला आपट्याची पाने धाकट्याने थोरल्याकडे जाऊन द्यायची असतात. थोरली जाऊ धाकटीच्या दारात सोने घेऊन गेली, असे आमच्या गावात तोवर घडले नव्हते. लीलेला ते माहीत होते. माहीत होते म्हणूनच तिने ते मागितले होते.

“येईन,” मी म्हणाले.

“आणि सुनेला बरोबर आणायचं. जनरेटर धुणारी बाई मला एकदा बघू दे.”

त्या क्षणी मी बोलायला हवे होते. बोलायचे वाक्यही लहान होते. पण लीला उठली होती, तिचा गडी ट्रॅक्टरवर चढला होता, आणि ते वाक्य ऐकून ती खाली बसली असती तर? असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. लीलेने जनरेटरचा हार स्वतः काढला आणि ठेवायला जागा नसल्यासारखा माझ्या हातात दिला. ट्रॅक्टरच्या मागून, हातात झेंडूचा हार धरून, मी गावातून घरी आले.

पंखा सुरू झाला तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. प्रणिताने बॅटरी विझवली. तिच्या उजव्या हाताची मूठ उघडेना, इतका वेळ तिने पुठ्ठा धरला होता. मी तिला पाणी दिले. तिने ते उभ्यानेच प्यायले आणि विचारले, “काकी काय म्हणाल्या?”

“उद्या सोने द्यायला बोलावले आहे. आपल्या दोघींना.”

तिला त्याचा अर्थ कळला. ती शिकलेली असली तरी आमच्याच भागातली होती. “आईसाहेब, तुम्ही...”

“काटा बघ,” मी म्हणाले. “तो किती दाखवतो आहे ते बघ.”

दसऱ्याच्या सकाळी पिल्ले मोजली. उदयसिंह साखर कारखान्यावरून आदल्या संध्याकाळी परतला होता. मोजणी त्यानेच केली, कारण मी आणि प्रणिता दोघीही त्या कामाला योग्य नव्हतो. शंभराचे एक खोके. एकोणीस खोकी भरली आणि विसाव्यात चाळीस पिल्ले उरली. एकवीस खोकी भरायला हवी होती.

“शंभरात चौसष्ट, पासष्ट,” उदयसिंह म्हणाला. “मागच्यापेक्षा बरी आहेत. काल लाईट नसती गेली तर...” त्याने माझ्याकडे पाहिले. “पण अट म्हणजे अट, आई. तूच म्हणतेस.”

“मी कुठे नाही म्हणतेय?” हे प्रणिता म्हणाली. तिने खोक्यांवर झाकणे ठेवली, झाकणांना भोके आहेत ना ते एक-एक करून पाहिले, आणि मशिनच्या भिंतीला टेकवलेला पुठ्ठा उचलून कचऱ्यात टाकला. रडली नाही. रडली असती तर तिला समजावण्याचे काम तरी मला मिळाले असते.

“साडी बदल,” मी म्हणाले. “लीलेकडे जायचे आहे.”

लीलेच्या ओट्यावर तिच्या शेजारणी बसल्या होत्या. चार-पाच जणी होत्या. सहज आल्या असाव्यात, असे मी धरून चालले. लीला दारात उभी राहिली. मी तिच्या हातात आपट्याची पाने ठेवली.

“सोने घ्या, सोन्यासारखे राहा,” मी म्हणाले.

लीलेने पाने घेतली. वाकून माझ्या पायाला हात लावला. त्या बाबतीत तिचे वळण नेहमीच चांगले होते. मग ती प्रणिताकडे वळली.

“ये गं. तूच का ती? अगं, विजेच्या यंत्राला पाणी लागू द्यायचं नाही, हे माझ्या सहा वर्षांच्या नातीला कळतं. कॉलेजात काय शिकवतात तुम्हाला?”

ओट्यावरच्या बायका हसल्या. प्रणिता खाली पाहत होती. “चुकलं, काकी,” ती म्हणाली. ते तिने आदल्या दिवशी म्हटले होते तितक्याच सहज म्हटले, आणि मला दिसले की हे ती पुढे आयुष्यभर म्हणत राहील, ज्या ज्या वेळी कुणी विचारील त्या त्या वेळी, आणि मी शेजारी उभी असेन.

“जनरेटर मी धुतला,” मी म्हणाले.

लीलेने माझ्याकडे पाहिले.

“ही नव्हती. शंकरला नळी मी धरायला लावली. आदल्या संध्याकाळी हिने मला सांगितले होते, आईसाहेब, यंत्राला पाणी लावू नका, उद्या पिल्ले आहेत. जेवणानंतर पुन्हा येऊन सांगितले.” मी प्रणिताकडे पाहिले. “तिने दुसऱ्यांदा सांगितले म्हणून मी धुतला.”

ओट्यावर कुणी हसले नाही. एकीने मांडीवरचा पदर उगाच सारखा केला. लीलेच्या तोंडावर जे मला पाहायची भीती होती ते आले नाही. ती काहीशी गोंधळलेली दिसली. इतक्या वर्षांनी भांडायला यावे आणि समोरच्याने हत्यार खाली ठेवावे, तशी.

“आत या,” ती शेवटी म्हणाली. “असलं उभ्यानं बोलायचं नसतं. बासुंदी आहे, दोघी खाऊन जा.”

आम्ही बासुंदी खाल्ली. जायफळ जास्त झाले होते. ते मी बोलले नाही.

परत येताना निम्म्या वाटेपर्यंत प्रणिता माझ्या एक पाऊल मागे चालत होती. मग ती बरोबरीने चालू लागली.

“शंभरात पासष्ट, आईसाहेब,” ती म्हणाली.

“मला हिशेब येतो.”

“अट सत्तरची होती.”

“अट चालू जनरेटरवर ठरली होती. बंद मी पाडला. ही खेप धरायची नाही.”

ती चालता चालता थांबली. “म्हणजे तिसरी खेप...”

“तिसरी अजून व्हायची आहे. अंडी कधी सांगावी लागतील?”

“आजच. आज सांगितली तर सोमवारी येतील.”

“मग सांग. आज दसरा आहे, मुहूर्त पाहावा लागत नाही.”

तिने तिथेच, रस्त्याच्या कडेला, पदराच्या आडोशाला मोबाइल धरून नंबर लावला. पलीकडच्या माणसाने बहुधा किती म्हणून विचारले असावे, कारण तिने माझ्याकडे पाहिले.

“पाच हजार सांग,” मी म्हणाले.

तिने मोबाइलवर हात ठेवला. “नाही, आईसाहेब. मशिनमध्ये तीनच मावतात.”

माझ्या रस्त्यावर, माझ्या गावात, दसऱ्याच्या दिवशी सून मला नाही म्हणाली. मी दोन पावले पुढे गेले आणि थांबले.

“मग तीन सांग,” मी म्हणाले.